वाट आणि मुक्काम

(न्यासाच्या महोत्सवी वर्षानिमित्त भोपाळ येथे सभासद व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर केलेले भाषण)



महोत्सवी वर्षात न्यासाने काय करावे याविषयी गेले काही महिने सूचना येत आहेत. कोणी व्याख्यानमाला सुचविली, कोणी सभागृहासाठी नव्या खुर्च्या. आपल्या तरुण सभासदांनी मात्र अशी एक सूचना केली की ती ऐकून कार्यकारिणीतील ज्येष्ठ मंडळी क्षणभर एकमेकांकडे पाहू लागली. सूचना अशी की, दोन दिवसांची सायकल-सहल काढावी, एक रात्र तंबूत मुक्काम करावा, आणि त्यातून उभा राहणारा पैसा व श्रम आपल्या परिसरातील जुन्या वाटा खुल्या राहाव्यात या कामी लावावा. पहिल्या दोन गोष्टी सर्वांना समजल्या. तिसरी समजली नाही. वाटेला धर्मादाय न्यासाच्या साहाय्याची गरज का पडावी, असे पुष्कळांनी विचारले. त्याचे उत्तर देण्याचे काम मजकडे सोपविण्यात आले आहे.

सायकल ही आपल्या लोकांना काही नवी नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले, भोपाळ ही राजधानी ठरली, आणि जुनी राजधानी जे नागपूर तेथून कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. नागपूरच्या सपाटीला सरावलेल्या पायांना श्यामला, अरेरा आणि ईदगाह या टेकड्यांनी पहिला धडा दिला असेल यात शंका नाही. पुढे दुचाक्या आल्या, मोटारी आल्या, आणि सायकल मुलांच्या वाढदिवसापुरती उरली. जून २०१७ मध्ये या शहराने सुमारे ५०० सायकलींची सार्वजनिक योजना सुरू केली आणि सायकलींसाठी १२ किलोमीटरचा वेगळा मार्ग आखला, तेव्हा पुष्कळांना जुन्या दिवसांची आठवण झाली. परंतु आपले तरुण ज्या सायकलीविषयी बोलत आहेत ती या दोन्हींहून वेगळी आहे.

ही डोंगरी सायकल. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या मरीन परगण्यात, काही हौशी तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली डोंगरावरून खाली पळवीत असत. त्या खेळातून ती निघाली. तिचे टायर सुमारे दोन इंच रुंद आणि उंचवट्यांचे असतात, सांगाडा मजबूत असतो, आणि चढावासाठी इतका हलका गिअर असतो की पायडलचा एक फेरा घ्यावा तेव्हा मागचे चाक जेमतेम एकदा फिरते. गती कमी, परंतु दम टिकतो. या सायकलीला डांबरी रस्ता लागत नाही. तिला वाट लागते. मराठीत ‘वाट लागणे’ याचा दुसरा एक अर्थ आहे हे आपण सर्व जाणताच. तो अर्थ खरा होऊ नये, याकरिताच आजचा खटाटोप आहे.

भोपाळच्या भोवताली अशा वाटा पुष्कळ आहेत. शहराच्या दक्षिणेला व पश्चिमेला विंध्याच्या वालुकाश्माच्या टेकड्या आणि जंगल, तर उत्तरेला व पूर्वेला माळव्याच्या काळ्या मातीची शेते. गावातून शेतात, शेतातून नाल्यावर, नाल्यावरून शेजारच्या गावी जाणाऱ्या गाडीवाटा आणि पायवाटा हे या सर्व मुलखाचे जुने जाळे आहे. आपल्या महाराष्ट्रात जिला पाणंद म्हणतात, तीच ही.

ही वाट एका दिवसात नाहीशी होत नाही. बैलगाडी होती तोवर वाट बैलगाडीच्या रुंदीची राहिली. पुढे दर वर्षीच्या नांगरटीत एखादा हात वाटेचा घेतला जातो. यंदा अलीकडच्या शेतकऱ्याने, पुढल्या वर्षी पलीकडच्याने. काही वर्षांनी गाडीवाटेची पायवाट होते, आणि पायवाटेचा नुसता बांध होतो. शहराजवळच्या गावांत नांगराऐवजी भिंत येते. शेताचे भूखंड पडतात, तारेचे कुंपण होते, फाटकाला कुलूप लागते. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. भिंत बांधणारा मनुष्य पुष्कळदा दुष्ट नसतो. त्याने खरेदीखत पाहिलेले असते, आणि त्या खरेदीखतात वाट लिहिलेली नसते. ज्या वाटेने तीन पिढ्या गेल्या ती वाट लोकांच्या पायांना ठाऊक होती, पण कागदाला ठाऊक नव्हती. कागद आणि पाय यांचा तंटा लागला की बहुधा कागद जिंकतो.

हा तोटा कोणाचा? सहलीला जाणाऱ्याचा नव्हे. त्याला एक वाट बंद झाली तर दुसरी मिळेल. तोटा होतो तो नाल्यावर गुरे नेणाऱ्याचा, पलीकडच्या शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईचा, आणि श्मशानापर्यंत नेण्याची वाट राहिली नाही म्हणून दुसऱ्याच्या उभ्या पिकातून जाण्याची विनवणी करावी लागणाऱ्या कुटुंबाचा. आणखी एक वाटसरू मी मुद्दाम आपल्यापुढे उभा करतो. मध्यप्रदेश शासनाची अशी योजना आहे की, ज्या मुलामुलींना आपले गाव सोडून दुसऱ्या गावच्या शाळेत जावे लागते त्यांना सहावीत आणि नववीत विनामूल्य सायकल मिळते. योजना उत्तम आहे. परंतु सायकल दिली आणि शाळेपर्यंतची जवळची वाट नांगरली गेली, तर त्या मुलीने मोठ्या रस्त्यावरून, भरलेल्या मालमोटारींच्या शेजारून जावे काय? आपल्या तरुणांची महागडी डोंगरी सायकल आणि त्या मुलीची साधी काळी सायकल या दोहोंना लागणारी वाट एकच आहे. फरक एवढाच की आपण हौसेने जातो, आणि तिला गेल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून वाट मागावयाची तर तिच्या नावाने मागावी. आपले काम आपोआप होईल.

आता कायद्याकडे वळू. मध्यप्रदेशाची भू-राजस्व संहिता १९५९ सालची आहे. तिच्यात या विषयासंबंधी चार तरतुदी आहेत, आणि त्या आपल्या सभासदांना ठाऊक असाव्यात. पहिली, कलम १३१. शेतात किंवा गावच्या पडीत व चराऊ जमिनीवर कोणत्या वाटेने जावे याविषयी शेतकऱ्यांत तंटा झाला, तर तहसीलदाराने जागेवर चौकशी करून, पूर्वीची वहिवाट काय होती ते पाहून आणि सर्वांची सोय लक्षात घेऊन निर्णय द्यावा, असे ते सांगते. दुसरी, निस्तार-पत्रक. निस्तार म्हणजे गावाच्या रोजच्या गरजा भागविण्याची सोय: चराई, जळण, माती, पाणी. गावच्या पडीत सरकारी जमिनीचा असा उपयोग कसा करावयाचा, हे त्यात लिहिलेले असते, आणि ते लिहिताना गावकऱ्यांची इच्छा विचारात घ्यावी लागते. तिसरी, वाजिब-उल-अर्ज. नाव फार्शी आहे म्हणून बिचकू नये. जी जमीन सरकारची नाही तिच्यावरून जाण्याचे, पाणी घेण्याचे, मासे धरण्याचे जे रूढ हक्क गावाला आहेत, त्यांची ही नोंद. चौथी तरतूद मला फार मोलाची वाटते. कलम २३७ अन्वये जिल्हाधिकारी पडीत सरकारी जमीन निरनिराळ्या सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवू शकतात. त्या यादीत चराई आहे, श्मशान आहे, खळे आहे, बाजार आहे, रस्ते व गल्ल्या आहेत, आणि ‘पडाव’ही आहे. पडाव म्हणजे वाटसरूंनी तळ देण्याची जागा. वाट आणि मुक्काम या दोन्ही गावाच्या गरजा आहेत हे ज्या कायद्याने ओळखले, त्याचा आधार आपल्या सहलीला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

महाराष्ट्रातही अशी सोय आहे. वहिवाटीचा रस्ता अडविला गेल्यास १९०६ सालच्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम तर असे म्हणतो की, दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा वापर वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड चालला, तर तो पक्का हक्क होतो. जमीन सरकारी असेल तर ही मुदत तीस वर्षांची. मात्र तो वापर दावा लावण्यापूर्वीच्या दोन वर्षांपर्यंत चालू राहिलेला असला पाहिजे. यातून मला जे समजले ते एका वाक्यात सांगतो. वाट जगते ती वापराने आणि नोंदीने. वापर थांबला तर नोंद निरुपयोगी होते, आणि नोंद नसेल तर वापर पहिल्या भिंतीपाशी थांबतो. आपण एका रविवारी सायकली नेल्या म्हणून आपल्याला कोणताही हक्क उत्पन्न होत नाही, हेही येथेच स्पष्ट करतो. हक्क गावाचा. आपण गावाचे साहाय्यक.

येथे कोणी म्हणेल, सर्वच वाटा सर्वांना खुल्या असाव्यात काय? माझे उत्तर, नाही. आपल्या शहराची गोष्ट अशी विलक्षण आहे की केरवा आणि कलियासोत या धरणांच्या जंगलात वाघ फिरतो. भोपाळकरांना त्याचे नवल राहिले नसले तरी त्याचे भान राहिले पाहिजे. रातापानीच्या अभयारण्याला डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीवाचून जाता येत नाही, आणि तसेच असावयास हवे. सायकलीचा आवाज होत नाही हा तिचा गुण आपण नेहमी सांगतो. जंगलात तोच दोष ठरतो. पायी चालणाऱ्याची चाहूल जनावराला लागते, उतारावरून वेगाने येणारी सायकल मात्र वळणावर एकदम समोर उभी राहते. त्यात जनावराचेही हित नाही आणि माणसाचेही नाही. म्हणून जेथे वनखात्याने जाऊ दिले तेथे त्याच्या वेळेत व त्याच्या नियमाने जावे, आणि जेथे नको म्हटले तेथे फाटकापासून परत फिरावे. वनविहारात सायकलीवरून हिंडण्याची सोय आहे, तीवर सध्या समाधान मानावे.

परंतु वाटेचे महत्त्व ज्यांनी जगाला दाखविले असे एक आपलेच थोर पुरुष या जंगलाशी जोडलेले आहेत. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर. १९५७ च्या सुमारास आगगाडीने भोपाळकडे येत असता त्यांना दूरवर विलक्षण आकाराचे खडक दिसले. स्पेन व फ्रान्समधील चित्रगुहांच्या खडकांशी त्यांचे साम्य जाणवले, तेव्हा ते गाडीतून उतरले आणि पायी तेथवर गेले, असे सांगतात. ते ठिकाण भीमबेटका. आज तेथे साडेसातशेहून अधिक शैलाश्रय मोजले गेले आहेत, आणि २००३ साली युनेस्कोने त्या स्थळाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आगगाडीच्या खिडकीतून खडक दिसतो, पण चित्र दिसत नाही. चित्रापर्यंत जावयाचे तर उतरावे लागते, आणि पायाखाली वाट असावी लागते. आपल्या मुलांना आम्ही खिडकीतून पुष्कळ काही दाखवितो. त्यांना एकदा उतरू द्यावे, एवढीच या सहलीमागची शिकवण आहे.

वाटेचा संयम कसा पाळावा हे शिकण्यासाठीही आपल्याला दूर जावयास नको. नर्मदा-परिक्रमा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परिक्रमावासी चातुर्मासात चालत नाही. एका ठिकाणी मुक्काम करतो. या नियमामागे धर्म आहे तसा व्यवहारही आहे. पावसाळ्यात नाले भरतात, काळी माती पाय धरते, आणि भिजलेल्या वाटेवर जितके चालावे तितकी ती मोडते. डोंगरी सायकलीला तर हा नियम दुप्पट लागू आहे. भिजलेल्या मातीत चाकाने सरळ उताराला चर पडतो, पुढच्या सरीचे पाणी त्या चरातून धावते, आणि पायवाटेचा ओहळ होतो. म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर माती वाळेपर्यंत सायकल घरी. परिक्रमेने आणखी एक गोष्ट शिकविली. बरगी, इंदिरासागर, सरदार सरोवर ही धरणे झाली तेव्हा परिक्रमेची जुनी वाट ठिकठिकाणी पाण्याखाली गेली. तरीही परिक्रमा थांबली नाही. लोक वरच्या अंगाने नवी वाट काढीत गेले, आणि वरच्या गावांनी त्यांना सदावर्त दिले. चालणारे आणि खाऊ घालणारे असे दोघेही असले, तरच वाट टिकते.

परदेशातील दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. इंग्लंडात किंडर स्काउट नावाचे एक पठार आहे. शिकारीसाठी ते खाजगी राखलेले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण कामगार मनाई मोडून त्यावर चालत गेले, आणि त्यांच्यापैकी काहींना कारावास झाला. पुढे १९४९ साली पायवाटांची नोंद करण्याचा कायदा झाला, त्यामागे असल्या चळवळींचे बळ होते. १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलीला मुभा मिळाली, पण अट अशी की सायकलस्वाराने पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यावी. दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. तेथे डोंगरी सायकली वाढल्या तशी चालणाऱ्यांची तक्रार वाढली आणि अरुंद वाटा सायकलींना बंद होऊ लागल्या. तेव्हा १९८८ साली तेथील सायकल-मंडळांनी एक संघटना उभारली. तिने सभासदांना शिस्त लावली आणि वाटांच्या दुरुस्तीसाठी त्यांचे हात कामाला लावले. भांडून जे मिळाले नसते ते पुष्कळ ठिकाणी कुदळ-फावड्याने मिळाले. आपण त्यांच्यापासून कुदळ घ्यावी असे माझे मत आहे.

आता योजना. जागा म्हणून आम्ही जंगलाची बाजू मुद्दाम टाळली आहे. शनिवारी सकाळी भोपाळहून निघून, ज्याचे इस्लामनगर हे नाव बदलून २०२३ साली पुन्हा जगदीशपूर झाले त्या जुन्या ठिकाणावरून, शेतांमधल्या वाटांनी हलालीच्या पाणलोटाकडे जावयाचे. मुक्काम एखाद्या गावात, ग्रामपंचायतीची लेखी संमती घेऊन. रविवारी सांचीच्या पश्चिमेला असलेले सातधारेचे स्तूप पाहून सांचीला पोचावयाचे. हंगाम कार्तिक ते माघ, म्हणजे माती वाळलेली, पिके उभी, आणि ऊन सुसह्य. फाल्गुनानंतर पानगळीच्या दिवसांत वणव्याचे भय असते, म्हणून त्या काळात उघड्यावर चूल पेटवावयाची नाही. हिवाळ्यातही शेकोटी एकच, गाव दाखवील त्या जागी, आणि निघताना पाणी घालून विझविलेली.

मुक्कामाची संध्याकाळ करमणुकीत घालवावयाची आहेच, परंतु त्याआधी एक तास गावच्या वडीलधाऱ्यांबरोबर बसावयाचे. गावाचा नकाशा समोर ठेवून त्यांनी वाटा सांगाव्यात: कोणती श्मशानाची, कोणती गुरांची, कोणत्या वाटेने पोरे शाळेत जातात, कोणती कोठे अडली आहे. आपल्या मुलांनी त्या लिहून घ्याव्यात. रविवारी सकाळी दोन तास श्रमदान. उतारावर वाटेला थोडी तिरपी आडवी नाली काढून पाणी बाजूला काढणे, खचलेल्या जागी मुरूम टाकणे, काटेरी झुडपे छाटणे, नाल्यातल्या उतरणीला दगड लावणे. कामे लहान आहेत. पण नाली योग्य जागी निघाली तर पुढच्या पावसात वाट वाहून जात नाही.

पैशाविषयी. सहभागी होणाऱ्यांनी वर्गणी द्यावी. ती किती असावी हे कार्यकारिणी ठरवील. माझी विनंती एवढीच की त्यातून छापील सदरे, चषक आणि हारतुरे यांवर एक पैसाही जाऊ नये. जेवण गावातील बायकांकडून योग्य मोबदला देऊन घ्यावे. उरलेली रक्कम मुरूम, रपट्याचे नळ, हद्दीचे दगड, आणि नकाशे व नोंदी यांच्या नकला यांसाठी ठेवावी, आणि तिचा हिशेब पुढील वार्षिक सभेपुढे यावा.

वाटेवरचे नियम मुलांना पाठ असावेत. पायी चालणारा, गुरे आणि बैलगाडी यांना पहिला मान. सायकलीवरून उतरावे आणि ‘राम राम’ म्हणावे. डबके लागले तर कडेच्या पिकात चाक घालू नये, सायकल उचलून पलीकडे न्यावी. उतारावर चाक घसटत ब्रेक दाबू नये, त्याने वाट खरवडली जाते. फाटक उघडले असेल तर उघडे, बंद असेल तर बंद ठेवून जावे. कचरा परत आणावा, दुसऱ्याचा दिसला तर तोही आणावा.

शेवटी ज्येष्ठांना एक शब्द. आपल्यापैकी कित्येकांना वाटत असेल की हे तरुणांचे काम, आपले गुडघे यात नाहीत. तसे नाही. सायकल चालविणे हे या कामाचे सोपे अंग आहे. अवघड अंग म्हणजे पटवाऱ्याकडून नक्कल मिळविणे, निस्तार-पत्रक वाचणे, अर्ज नीट लिहिणे, तो तहसीलदाराकडे दाखल करणे, आणि त्याचा पाठपुरावा करणे. राजधानी आल्यापासून या शहरात मराठी माणसाने जर कोणती एक विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासली असेल, तर ती फाईल पुढे सरकविण्याची. निवृत्तीनंतर ती वाया जात आहे. तरुणांनी वाट शोधून आणावी, ज्येष्ठांनी ती कागदावर आणावी, आणि अर्जावर पहिली सही गावकऱ्यांची असावी. महोत्सवी वर्षात एकाच गावातील एकच वाट अशी नोंदीत आली, आणि पुढच्या आषाढात शाळा सुरू झाल्यावर तिच्यावरून दोनचार मुली सायकलीने जाऊ लागल्या, तरी न्यासाने खर्चिलेला पैसा सत्कारणी लागला असे मी म्हणेन.

सहलीसाठी नावे नोंदविण्याची वही दाराशी ठेविली आहे. तिचे दोन भाग आहेत: एक सायकल चालविणाऱ्यांचा, दुसरा अर्ज लिहिणाऱ्यांचा. दुसऱ्या भागातील पहिले नाव मी माझे लिहिले आहे. त्याखालच्या ओळी आपण भराव्यात, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.